पदरी पडलं आणि पवित्र झालं

नवा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम हातात आला की मी नियम नंतर वाचते, आधी कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहायचा कागद, उघडते. मुखपृष्ठावर कवट्या, वठलेली झाडं आणि रक्ताळलेला चंद्र कुणालाही छापता येतो. शीटवर मात्र जागा मोजकी असते, त्यामुळे खेळ बनवणाऱ्याला नेमकं कशाचं मोल वाटतं ते तिथे लपत नाही. वीरकथेच्या खेळांत बहुतेक रकाने मिळकतीचे असतात: लेव्हल, सोनं, नवे मंत्र, आणखी चांगली तलवार. डार्क फँटसीच्या, म्हणजे काळोख्या, निर्दय कल्पित जगांतल्या खेळांच्या, शीटवर हेही असतं, पण शेजारीच जखमा, करप्शन (सैतानी शक्तींची बाधा), म्युटेशन (त्या बाधेने होणारी विकृती) आणि उरलेलं नशीब लिहायलाही जागा असते. हे रकाने पहिल्या दिवशी रिकामे असतात. ते भरणार, एवढं नक्की.

ज्यांनी हा प्रकार कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जीएम, म्हणजे गेम मास्टर. जग, राक्षस, सराईचा मालक, पाऊस हे सगळं त्याच्या ताब्यात. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगायचं आणि निकाल दोन्हीकडे जाऊ शकत असेल तिथे फासे टाकायचे. बास. पुढची तीनशे पानं ही या एका वाक्याची टीप असते.

तर डार्क फँटसीबद्दल माझं मत असं, की तिचा अंधार जीएमच्या वर्णनातून फारसा येत नाही. वर्णन कितीही भीषण केलं तरी दहाव्या मिनिटाला कुणीतरी विनोद करतो आणि सगळे हसतात. अंधार येतो तो नियमांतून, आणि त्यांची एक ठरावीक खोड असते. जिथे आपल्याला निवड हवी असते तिथे ते ती काढून घेतात, आणि जिथे ती नकोशी वाटते नेमकी तिथे आणून हातावर ठेवतात.

काढून घेण्याची सुरुवात पात्र बनवतानाच होते. या बाबतीत १९८६ साली गेम्स वर्कशॉपने काढलेल्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’चा हात धरणारा खेळ मला अजून भेटलेला नाही. जुन्या जर्मन भूमीवर बेतलेलं एक साम्राज्य, वरून चकचकीत आणि आतून पोखरलेलं. त्यात तुम्ही कोण? भिकारी, रस्त्यावर भाषणं ठोकणारा चळवळ्या, कबरी उकरणारा, नावाडी, गटारांतले उंदीर मारणारा. पेशा फाशांवर ठरतो. २०१८ साली क्युबिकल सेव्हनने काढलेल्या चौथ्या आवृत्तीत या प्रकाराला एक लबाड वळण दिलं आहे. तिथे फासे टाकण्याची सक्ती नाही. आवडेल ते निवडा, कुणी अडवत नाही. पण फाशांनी दिलं ते मुकाट्याने घेतलंत तर बक्षीस म्हणून पात्र सुधारायला लागणारे एक्सपीरियन्स पॉइंट मिळतात: वंश जो आला तो घेतला तर २०, पेशा पहिल्याच फाशाला स्वीकारला तर ५०, आणि दहाही गुण ज्या क्रमाने पडले त्याच क्रमाने ठेवले तर आणखी ५०. पेशा पटला नाही तर आणखी दोनदा टाकून तिन्हींतला एक उचलता येतो, पण मग ५० चे २५ होतात. सगळं मनासारखं हवं असेल तर काहीच मिळत नाही. म्हणजे पदरी पडलं ते पवित्र मानणाऱ्याला नियमच दक्षिणा देतो.

माझ्या टेबलावरची एक मैत्रीण घरून एल्फ (परीकथांतला एक दीर्घायुषी वंश) योद्धा ठरवून आली होती. निर्वासित राजघराणं, दुभंगलेली तलवार, वडिलांचा खून, सगळं तीन पानांत लिहून तयार. मी म्हटलं, नुसते टाकून तर बघ. वंशासाठी दोन दहा बाजूंचे फासे, एक दशकाचा आणि एक एककाचा. ३७ आले. त्या तक्त्यात १ ते ९० माणूस. एल्फसाठी शेवटचे दोन आकडे ठेवलेले, त्यातही एक हाय एल्फचा आणि एक वुड एल्फचा. वीस पॉइंट सोडवेनात, म्हणून माणूस. मग पेशा: उंदीर मारणारा. त्याचं सामान नियमात लिहिलेलं आहे: गोफण, पोतं आणि ‘छोटं पण खुनशी कुत्रं’. हे कुत्रं या खेळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि त्याच्यावर जीव टाकणारे खेळाडू मी पाहिलेत.

मग गुण. माणसाचा प्रत्येक गुण म्हणजे दोन दहा बाजूंचे फासे अधिक वीस, म्हणजे २२ ते ४० च्या मधे कुठेतरी. हाच आकडा टक्केवारी म्हणून चालतो: तेवढा किंवा त्याहून कमी आकडा पडला तर जमलं. शिकलेलं काही नसेल आणि परिस्थितीचा आधारही नसेल तर सरासरी माणूस तीन कामांपैकी दोन फसतो. मैत्रिणीच्या फाशांनी ताकदीला २५ दिले, चपळाईलाही असेच केविलवाणे, आणि मग अचानक फेलोशिपला, म्हणजे बोलण्या-वागण्याच्या गुणाला, ३८. तिने त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं. हा माणूस उंदीर मारणार कसा? मग ती म्हणाली, “मारतच नाही. लोकांना पटवतो, की तुमच्या घरात उंदीर आहेत.” आणि पुढच्याच दमात, “पोतं आहे ना त्याच्याकडे? उंदीर त्यातच असतात. रात्री सोडतो, सकाळी पकडायला जातो. कुत्र्याला सगळं माहितीय.”

झाला ओटो जन्माला. निर्वासित राजपुत्राला जे तीन पानांत जमलं नव्हतं ते दोन आकडे आणि एका पोत्याने करून टाकलं. यातला एकही तुकडा तिने मागितला नव्हता. पण कमजोर हात आणि गोड जीभ यांच्या मधली फट तिला स्वतःच्या डोक्याने बुजवावी लागली, आणि बुजवताना जे हाती लागलं तो ओटो. स्वतः ठरवून केलेल्या पात्रात अशी फट राहत नाही. आपण आपल्या लाडक्याला विसंगत कशाला ठेवू?

हे काही नवं नाही. १९७४ च्या मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन साधे फासे टाकायचे, आणि त्या पुस्तकाप्रमाणे ते टाकायचे रेफरीने, म्हणजे जीएमने, खेळाडूच्या हातात तेवढंही नव्हतं. पुढे चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून द्यायचा, मग आकडे हव्या त्या गुणाला लावायचे, मग फासेच नकोत, ठरावीक पॉइंट वाटून घ्यायचे, अशा सवलती येत गेल्या. वीरकथेला त्या शोभतातही. मला सहा महिने ड्रॅगन मारत फिरायचं असेल तर मी पण पॉइंट वाटूनच पात्र करीन, कारण तिथे पात्र म्हणजे माझी इच्छा. डार्क फँटसीत इच्छा आणि पात्र यांत अंतर पडल्याशिवाय मजा नाही.

स्वीडनमधून आलेला ‘मर्क बोर्ग’ हे अंतर पार टोकाला नेतो. २०२० चा हा छोटासा पिवळाजर्द खेळ. चार गुण, प्रत्येकाला तीन फासे. तीन फाशांचे २१६ प्रकार होतात आणि त्यांतले १०४ नऊ ते बाराच्या मधे पडतात. त्या पट्ट्याला हा खेळ शून्य देतो. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा तुमचा गुण म्हणजे शब्दशः काहीच नाही. मग स्वभावातली खोट, शरीरातली मोडतोड आणि घाणेरडी सवय यांसाठी वीस-वीस ओळींचे तक्ते. पण मला त्यातला सर्वांत आवडलेला नियम प्रगतीचा आहे. बाकी खेळांत अनुभव मिळाला की माणूस सुधारतो. इथे प्रत्येक गुणासाठी एक फासा टाकायचा. गुणाच्या आकड्याइतका किंवा जास्त पडला तर गुण एकाने वाढतो, कमी पडला तर एकाने घटतो. अगदी खालच्या गुणांना थोडी सूट आहे, एक पडला तरच घसरण. पण ज्याने रक्त आटवून चार-पाचपर्यंत मजल मारली तोच पुढच्या फाशाला घसरण्याची शक्यता जास्त. इतकं कडू पण खरं काही मी नियमावलीत क्वचितच वाचलंय.

त्यात जगाची मुदतही फाशांवर असते. रोज पहाटे एक फासा. एक पडला की एक अरिष्ट येतं, आणि सातवं आलं की जग संपलं. फासा किती बाजूंचा घ्यायचा हे सुरुवातीला ठरवायचं: शंभर बाजूंचा घेतला तर वर्षं निघतील, दोन बाजूंचा घेतला तर पंधरवडाही पुरे. जग संपल्यावर पुस्तक जाळून टाका, अशी सूचना आहे. मी जाळलेलं नाही. महाग छपाई आहे.

जखमांकडे येते. हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय त्याचा आकडा, ही गोष्ट मला कधीच पटली नाही. ४० पैकी ३ उरले तरी माणूस ४० असल्यासारखाच धावतो, लढतो, भिंती चढतो, आणि शून्यावर एकदम आडवा होतो. वॉरहॅमर तिथे एक साधी युक्ती करतो. समजा हल्ला करणाऱ्याचं कौशल्य ४५. फासे पडले २४, म्हणजे वार बसला. कुठे बसला? तेच आकडे उलटे वाचा: ४२. चौथ्या आवृत्तीत २५ ते ४४ म्हणजे उजवा हात. वेगळा फासा टाकायची गरज नाही. ज्या फाशांनी वार बसवला त्यांनीच जागाही सांगितली. आणि दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला, समजा ३३, तर तो क्रिटिकल, म्हणजे गंभीर घाव. मग हातासाठीचा निराळा तक्ता उघडायचा, ज्यात हातातली वस्तू सुटण्यापासून हात जाण्यापर्यंत सगळं आहे. हाड मोडलं तर ते महिनाभराहून जास्त काळ मोडलेलंच राहतं. लढाई संपली म्हणून ते जुळत नाही.

फासे टेबलावर थांबल्यानंतरचा तो अर्धा सेकंद, ज्यात सगळे जण मनातल्या मनात आकडा उलटा करत असतात, त्याच्या तोडीचं भयाचं वर्णन मला कुठल्याच जीएमकडून ऐकायला मिळालेलं नाही. माझ्याकडून तर नाहीच.

आणि याच निर्दय खेळात फेट पॉइंट आहेत. फेट पॉइंट म्हणजे मरण टाळण्याची संधी: एक कायमचा खोडायचा आणि पात्र कसंबसं वाचतं. माणसाला सुरुवातीला दोन मिळतात आणि वर वाटून घ्यायला तीन. एल्फचे गुण माणसाहून सरस, पण त्याचे फेट शून्य आणि वाटून घ्यायला फक्त दोन. त्या जगात माणूस कशामुळे टिकून आहे, याचं उत्तर एका तक्त्यात दिलंय. त्यासाठी इतिहासाचं एकही पान खर्ची घातलेलं नाही.

आता निवड परत देण्याची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले.

एका गावात रोग पसरला होता आणि गावकऱ्यांनी एका मुलीला खांबाला बांधलं होतं. तिच्या अंगावर केओसची, म्हणजे त्या जगातल्या सैतानी शक्तींची, खूण दिसली, असं कुणीतरी म्हटलेलं. ओटो पुढे झाला. रोग उंदरांमुळे आलाय, पोरीमुळे नाही, हे त्याला पटवायचं होतं. आयुष्यभर उंदरांबद्दल खोटं बोललेला माणूस पहिल्यांदाच उंदरांबद्दल खरं बोलत होता. आकडा हवा होता ४८ किंवा कमी. पडले ७१. मैत्रिणीने फॉर्च्युन पॉइंट खर्चून पुन्हा टाकले: ६३. जमाव पुढे सरकला. नियमाने विषय तिथेच संपायला हवा होता.

पण चौथ्या आवृत्तीत ‘डार्क डील’ आहे. एकदा पुन्हा टाकून झालेले फासेसुद्धा तुम्ही आणखी एकदा टाकू शकता. किंमत एक करप्शन पॉइंट, आणि तो तुम्ही आपल्या मर्जीने घ्यायचा. मी फक्त विचारलं, “हवाय?” तिने माझ्याकडे पाहिलं, शीटकडे पाहिलं, शीटवरच्या त्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं, आणि पेन्सिल उचलली. पडले १९. मुलगी सुटली.

या नियमात मला जे थोर वाटतं ते असं: करप्शन इथे राक्षसाने चावल्यामुळे आलं नाही. कुणी शाप दिला नाही. मुलीला वाचवायला म्हणून ते आलं आणि खेळाडूच्या स्वतःच्या हाताने लिहिलं गेलं. सैतानी शक्तींना चांगलं काम आणि वाईट काम यांत फरक करायची गरजच नसते. तुम्हाला काहीतरी फार हवंय एवढं त्यांना पुरतं. एरवी पेशा, गुण, वंश, जखमेची जागा, सगळं फासे ठरवतात. हे एकच आपण ठरवतो. मनोबल आणि काटकपणा या दोन गुणांच्या दशकांची बेरीज ही तुमची मर्यादा. ओटोचे २७ आणि ३३, म्हणून दोन अधिक तीन, पाच. त्यापलीकडे गेलं की चाचणी, आणि ती हुकली तर शरीरात किंवा मनात कायमचा बदल. ओटो सहाव्यावर पोचला तोपर्यंतचा प्रत्येक पॉइंट कुणाला तरी वाचवण्यासाठी घेतलेला होता. मैत्रीण आजही हे मला ऐकवते, जणू तो हिशेब मी चुकवलाय.

मनाचे नियम हा मात्र या प्रकारातला कच्चा दुवा आहे. त्याचं मूळ १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये, तिथल्या सॅनिटी पॉइंटमध्ये, म्हणजे मन किती ताळ्यावर आहे त्याच्या आकड्यात. त्या खेळातली एक कल्पना अजून बिनतोड वाटते: गूढ गोष्टींचं ज्ञान जितकं वाढेल तितकी तुमच्या शहाणपणाची कमाल मर्यादा खाली येते. ९९ मधून ते ज्ञान वजा. इतपत ठीक. पण तिथून पुढे अनेक खेळांनी खऱ्या मानसिक आजारांची नावं तक्त्यात टाकली आणि फाशांवर वाटली. एखाद्याच्या घरात रोज चाललेली झुंज दुसऱ्याला ‘४२ आले, घे’ म्हणून मिळते. मी ते तक्ते वापरत नाही. ‘ब्लेड्स इन द डार्क’ हेच काम जास्त माणुसकीने करतो: ताणाची नऊ घरं भरली की एक ट्रॉमा, म्हणजे मनावरचा कायमचा घाव, आणि तो कुठला हे खेळाडू स्वतः निवडतो, थंड, पछाडलेला, हळवा, संशयी असे साधे शब्द. चौथा ट्रॉमा आला की ते पात्र खेळातून बाहेर. आणि खेळ सुरू होण्याआधी एकदा बसून काय चालेल, काय अजिबात नको हे बोलून घेणं, टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवणं, ज्याला कुणीही बोट लावलं की प्रसंग कारण न विचारता बदलायचा, याला काही जुने खेळाडू नाकं मुरडतात. मुरडू देत. माझ्या टेबलावर कार्ड असतं.

नियमातून नातं कसं तयार होतं याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१५ च्या ‘शॅडो ऑफ द डीमन लॉर्ड’मध्ये क्लॉकवर्क नावाचा वंश आहे: यंत्राचं शरीर, आत पाताळातून ओढून आणलेला आत्मा. त्याच्या अंगावर कुठेतरी चावी असते, आणि नियम म्हणतो, ती अशा ठिकाणी असते की तुमचा स्वतःचा हात पोचत नाही. तुम्ही कोसळलात की निर्जीव वस्तू होऊन पडता. दुसऱ्या कुणीतरी येऊन चावी फिरवेपर्यंत. बस, एवढंच. कुणाशी मैत्री करा, कुणावर विश्वास ठेवा असं कुठेही लिहिलेलं नाही. पण क्लॉकवर्क घेऊन खेळणारा खेळाडू पहिल्या लढाईनंतर आपल्या साथीदारांशी वेगळ्याच सुरात बोलायला लागतो, आणि साथीदारांतल्या एखाद्यालाही आपल्या हातात काय आलंय ते कळलेलं असतं. तो चावी न फिरवता दोन मिनिटं घासाघीस करतो तेव्हा टेबलावर जे वातावरण होतं ते मला आवडतं, हे सांगायला हरकत नाही.

शेवटी वेळेचं. पात्र बनवायला किती वेळ लागतो आणि ते किती सहज मरतं, या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि नवे जीएम हे बघत नाहीत. मर्क बोर्गमध्ये उणे आकडा झाला की मेलात, चर्चा नाही. पण नवं पात्र बाकीचे प्रेताचे खिसे तपासत असतील तेवढ्यात तयार होतं. डीमन लॉर्डमध्ये सुरुवात शून्य लेव्हलवर, हातात फार काही नसताना, म्हणून तेव्हा गेलं तर फार जात नाही; मंत्र, मार्ग, पदव्या हे सगळं जगलात तर पुढे. वॉरहॅमरमध्ये पात्राला अख्खी संध्याकाळ लागते, म्हणून फेट पॉइंट. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये तर पात्र तयार होता होताच मरू शकायचं, आणि तेही चालून जायचं, कारण पुढचं पात्र लगेच हाताशी यायचं. अडचण होते ती तीन तास पात्र करायला लावून पहिल्या दारामागच्या बाणाने मारणाऱ्या खेळांची. असे खेळ मी विकत घेते, चित्रं बघते, शीट वाचते, आणि कपाटात ठेवते.